इंजेक्शन घेतलं आणि पाय सुजले

त्या सोमवारी लॅबचं शटर वर करायला गेले तर कोपरखैरणेचे मामा आधीच पायरीवर येऊन बसलेले. ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरून, सॅटिसच्या पुलावरच्या गर्दीतून वाट काढत नौपाड्यापर्यंत चालत आले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत खोकल्याच्या औषधाची बाटली आणि बाटलीत सकाळची लघवी. मी सवयीने ओरडले. औषधाचा पाक तळाला चिकटून राहतो आणि तपासणीत भलतंच काहीतरी दिसतं, हे मी वर्षातून शंभर वेळा सांगते.

"धुतलीया की ऊन पाण्यानं," मामा म्हणाले आणि त्यांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला. मी नडगीवर अंगठा दाबून सोडला. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा खळगा पडला. आत जाऊन दिवे लावून परत आले, तरी तो भरला नव्हता.

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. जावळीतून येऊन त्यांनी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं पाठीवर गोणी वाहिल्या. आता निवृत्त आहेत, माथाडी वसाहतीत राहतात, गळ्यात माळ आहे, गुडघ्यांनी साथ दिली तोवर दर वर्षी वारी केली. आदल्या पावसाळ्यात फ्लूने त्यांना आठवडाभर आडवं पाडलं होतं, म्हणून यंदा जूनच्या सुरुवातीलाच मुलाने दवाखान्यात नेऊन फ्लूची सुई देऊन आणली. दोन दिवस कणकण आली आणि गेली. बाराव्या दिवशी चप्पल पायात जाईना, आणि सकाळी उठल्यावर डोळ्यांच्या पापण्या फुगलेल्या. "यंदा वारीला न्हाय गेलो तरी पाय सुजलं बघ," ते हसत म्हणाले, पण हसू काही खरं नव्हतं. बिल्डिंगच्या ग्रुपवर तोवर निकाल लागून गेला होता: लशीनं किडनी गेली. पुराव्यादाखल कुणीतरी परदेशातल्या एका रुग्णाची बातमीही टाकली होती. आणि पंचाईत अशी, की ती बातमी खोटी नव्हती.

मी डॉक्टर नाही. डीएमएलटी करून चोवीस वर्षं लोकांच्या लघव्या आणि रक्त तपासते आहे. पण नेमक्या याच प्रश्नावर माझ्या काउंटरपुढे उभं राहून इतके वाद झाले आहेत, की एकदा सगळं नीट लिहून काढावं असं वाटलं. थोडक्यात विचाराल तर फ्लू किंवा कोविडच्या लशीनंतर किडनीला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. त्या प्रामाणिक डॉक्टरांनी लिहिलेल्या आहेत आणि संख्येने फार थोड्या आहेत. सगळी गोची 'लशीनंतर' आणि 'लशीमुळे' या दोन शब्दांत आहे. शाळेत 'नंतर' आणि 'मुळे' ही दोन्ही शब्दयोगी अव्ययं आपण एकाच रकान्यात लिहिली होती. बहुतेक तिथूनच घोळ सुरू झाला असावा.

आधी नळीत काय दिसलं ते सांगते. मामांना स्वच्छ डबी देऊन मी नवीन सॅम्पल घेतलं आणि पट्टी बुडवली. पट्टीवरचा प्रोटीनचा चौकोन पिवळा राहायला हवा. मिनिटभरात तो हिरवागार झाला. तीन प्लस. पट्टीवर माझा विश्वास आहे, पण मी जुन्या वळणाची. परीक्षानळी पाऊण भरून घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर तिरकी धरली आणि फक्त वरचा भाग तापवला. असं केलं की खालची न तापलेली लघवी तुलनेला हाताशी राहते. उकळी फुटायच्या आधीच वर पांढरे ढग जमले. आता ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब. ढग साध्या फॉस्फेटचे असतील तर आम्ल पडताच विरून जातात. हे विरले नाहीत, उलट दूध नासल्यावर येतात तसे दाट झाले. म्हणजे प्रथिन. त्यातही बहुतेक अल्ब्युमिन. अंड्याचा पांढरा बलक उकडल्यावर घट्ट होतो, तोच प्रकार. मामा शेजारी उभे राहून बघत होते. "ह्ये माझ्या अंगातनं आलं?" त्यांनी विचारलं. हो, आणि ते अंगातच राहायला हवं होतं.

श्रीखंडासाठी चक्का बांधतो तेव्हा मलमलच्या फडक्यातून पाणी ठिबकतं आणि दही आत राहतं. किडनीत अशी फडकी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंडाळ्यांवर चढवलेली असतात. एकेका किडनीत साधारण दहा लाख गुंडाळ्या. त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. आपल्याकडे पाणी साठवायला निळा पिंप असतो ना, जवळजवळ तेवढं. त्यातलं बहुतेक सगळं पुन्हा रक्तात ओढून घेतलं जातं आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. पाणी, मीठ, युरिया फडक्यातून जातं. अल्ब्युमिन मोठं असतं, ते आत राहायचं. निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत सगळं मिळून दीडशे मिलिग्रॅमच्या आत प्रथिन सापडतं. ते साडेतीन ग्रॅमच्या वर गेलं, रक्तातलं अल्ब्युमिन घसरलं, अंगावर सूज आली आणि कोलेस्टेरॉल चढलं, की डॉक्टर त्याला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात. अल्ब्युमिनचं एक काम म्हणजे पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणं. ते कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं आणि सखल भागात साचतं. दिवसभर उभं राहिलं की पायांत, रात्री आडवं झालं की पापण्यांखाली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लोक "क्रिएटिनिन नॉर्मल आहे, म्हणजे किडनी ठणठणीत" असं म्हणून रिपोर्ट घडी करून ठेवतात. मामांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर काढायचा कचरा, त्या दिवशी नॉर्मलच्या आत होतं. फडकं उसवलेलं असलं तरी गाळण्याचा वेग काही काळ चांगला राहू शकतो, आणि क्रिएटिनिन वेग सांगतं, फडक्याची वीण सांगत नाही. वीण कळायला लघवीच बघावी लागते. शंभर-दीडशे रुपयांची तपासणी, आणि लोक तीच गाळतात.

मामांना वाशीच्या किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बायॉप्सी झाली. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळं जवळपास ठीक दिसलं. म्हणूनच या आजाराचं नाव मिनिमल चेंज डिसीज. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र बिघाड उघडा पडतो. गाळणीच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या बोटांत बोटं गुंफल्यासारख्या आपल्या पायांनी रक्तवाहिनीला धरून बसतात आणि त्या बोटांमधल्या फटींतून गाळण होतं. या आजारात ते पाय पसरून सपाट होतात. लहान मुलांच्या नेफ्रॉटिक सिंड्रोमचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, मोठ्यांत त्यामानाने कमी.

पोडोसाइट असे अचानक का ढेपाळतात? खूप वर्षं 'रक्तात फिरणारा कुठला तरी घटक' एवढंच उत्तर मिळायचं. २०२२ मध्ये आणि मग २०२४ मध्ये आलेल्या संशोधनात बऱ्याच रुग्णांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, सापडली. नेफ्रिन म्हणजे त्या फटींमधली जाळी विणणारं प्रथिन. म्हणजे शरीराची फौज आपल्याच गाळणीवर चाल करून जाते. फौजेला चिथावणी कशाने मिळते, तर साध्या सर्दी-पडशाने, ॲलर्जीने, अगदी मधमाशी चावल्यानंतरही हा आजार उद्भवल्याच्या नोंदी आहेत. लस हीदेखील फौजेला जाग आणण्यासाठीच टोचतात. म्हणून ज्याच्या अंगात आधीच ओला-सुका बारूद रचलेला आहे, त्याच्या बाबतीत लस ठिणगी ठरू शकते, ही शंका वैद्यकीयदृष्ट्या बिनबुडाची नाही. फ्लूच्या लशीनंतर अशा नोंदी कोविडच्या आधीपासून होत्या. २०२१ मध्ये फायझरच्या लशीनंतरची पहिली नोंद इस्रायलमधून आली, पन्नाशीच्या एका पुरुषाची. मागोमाग ॲस्ट्राझेनेकाच्या लशीनंतरच्याही आल्या, जी आपल्याकडे कोविशील्ड नावाने दिली गेली.

हे कळलं की 'लस किडनीला जड पडते' हा समज आपोआप सैल होतो. अर्धा मिली औषध दंडात जातं. ते विष म्हणून किडनीत साठतं आणि तिला जाळतं, असं काही होत नाही. झालाच तर त्रास आपल्याच प्रतिकारशक्तीच्या अतिउत्साहाने होतो. त्यामुळे "सुई घेतल्यावर भरपूर पाणी प्यायलं की ती निघून जाते" या सल्ल्यालाही काही अर्थ उरत नाही.

दुसरा प्रकार रंगाचा. आयजीए नेफ्रोपथी नावाचा एक आजार आहे, जॉं बर्जे या फ्रेंच डॉक्टरने १९६८ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात आयजीए जातीची प्रतिपिंडं गाळणीत साचतात. आशियाई लोकांत तो बराच आढळतो आणि कित्येकांना आपल्याला तो आहे याचा पत्ताही नसतो. अशा माणसाचा घसा सुजला की एक-दोन दिवसांतच लघवी लाल किंवा कोऱ्या चहासारखी होते. २०२१ मध्ये अमेरिका, युरोप, जपान इथून नोंदी येऊ लागल्या: फायझर-मॉडर्नाच्या एमआरएनए प्रकारच्या लशीचा, बहुतेकदा दुसरा डोस घेतला, ताप आला आणि पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी लाल. घसा सुजल्यावर व्हायचं तेच सुईनंतर झालं. बहुतेकांचं काही दिवसांत आपोआप निवळलं. आणि यातल्या काहींना याच निमित्ताने कळलं, की आपल्याला हा आजार आधीपासून आहे. आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ पासून दिल्या गेलेल्या लशी मुख्यत्वे कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन. त्या एमआरएनए नव्हेत. म्हणून परदेशातली बातमी जशीच्या तशी कोपरखैरणेला आणून चिकटवताना लस कोणती होती एवढं तरी बघावं.

स्नायू विरघळून त्यातलं मायोग्लोबिन किडनीत अडकणं, रक्तवाहिन्यांना सूज येणं, अशाही तुरळक नोंदी आहेत. त्यांच्यात शिरत नाही.

आता आकडे. एक हिशेब मी लॅबच्या पावतीच्या मागे मामांच्या मुलाला करून दाखवला होता, तोच इथे देते. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर होती. समजा, एखादा किडनीचा आजार दर लाखात वर्षाला एकाला होतो. हा आकडा मी हिशेबापुरता धरला आहे. म्हणजे ठाण्यात वर्षाला १८ नवे रुग्ण, लस असो वा नसो. आता समजा वर्षभरात प्रत्येक ठाणेकराला एकेक सुई टोचली आणि तिच्यात लस नसून नुसतं सलाइन होतं. त्या १८ जणांपैकी कितींचा आजार सुईनंतरच्या २८ दिवसांत सुरू होईल? १८ गुणिले २८ भागिले ३६५. उत्तर सव्वा ते दीड. म्हणजे मिठाच्या पाण्यानंतरही एखाद-दुसऱ्या ठाणेकराचे पाय सुजणारच, आणि तो जिवाच्या आकांताने सांगणार की सुई घेतली तोवर मी ठणठणीत होतो. तो खोटं बोलत नसतो. फक्त त्याची एकट्याची गोष्ट ऐकून निकाल लावता येत नाही.

निकाल कसा लावतात? दीड अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात नऊ निघाले, तर 'मुळे' म्हणायला जागा होते. असं घडलेलंही आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस दिली तेव्हा गिलन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे दर लाख डोसमागे साधारण एक जास्तीचा रुग्ण निघाला. ते मोजणीत पकडलं गेलं आणि ती मोहीम थांबवली गेली. म्हणजे लाखात एक इतकी बारीक गोष्टसुद्धा मोजता येते. किडनीच्या बाबतीत कोविडनंतर हीच मोजणी झाली. स्वित्झर्लंडमध्ये देशभरच्या बायॉप्सी तपासल्या तेव्हा लसीकरणानंतर नव्याने होणाऱ्या ग्लोमेरुलर आजारांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा वाढलेलं आढळलं नाही.

पण ज्यांना हा आजार आधीपासून आहे आणि सध्या शांत आहे, त्यांचं काय? इथे मात्र चित्र थोडं वेगळं आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अशा हजाराहून अधिक रुग्णांचा पाठपुरावा केला गेला. पहिल्या डोसनंतर फरक पडला नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या डोसनंतर आजार उलटण्याचा धोका सुमारे दुप्पट झाला. 'दुप्पट' ऐकून छातीत धस्स होतं, म्हणून तोच आकडा दुसऱ्या बाजूने सांगते. आजाराच्या प्रकारानुसार शंभरातल्या जास्तीच्या एक ते पाच जणांना त्रास उलटला, आणि त्यातल्याही बहुतेकांचं औषध बदलावं लागलं नाही. वर्तमानपत्राला 'दुप्पट' हा शब्द आवडतो. रुग्णाला 'शंभरात किती' हे कळायला हवं.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात खुद्द विषाणू आहे. २०२० मध्ये न्यू यॉर्क भागातल्या रुग्णालयांत कोविडने दाखल झालेल्या ५,४४९ जणांचा अभ्यास झाला, त्यातल्या ३६ टक्क्यांहून जास्त लोकांच्या किडनीला तीव्र इजा झाली होती. अगदी दर तिसऱ्या खाटेवर. फ्लूसुद्धा अंगात मुरला, न्यूमोनिया झाला, रक्तदाब पडला, की पहिला फटका किडनीला बसतो. आणि ज्या ठिणगीला आपण लशीत घाबरतो, ती तापाच्या विषाणूत कितीतरी मोठी असते. म्हणूनच किडनीच्या आजारांबाबत जगभर ज्यांच्या सूचना पाहिल्या जातात त्या केडिगो संस्थेने जुनाट किडनी विकार असलेल्या मोठ्या माणसांना दर वर्षी फ्लूची लस देण्याचीच शिफारस केली आहे. त्यात मेख एवढीच, की भारी स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस चालत नाही. दंडात टोचतात ती मेलेल्या विषाणूची, ती चालते. फक्त त्या गोळ्यांवर असताना तिचा जोर कमी पडू शकतो.

मामांच्या गोष्टीत मी एक पात्र अजून आणलेलंच नाही. दुसऱ्या दिवशी मामी आल्या, त्यांनी पर्समधून गोळ्यांची अर्धी पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली. डायक्लोफेनॅक. गुडघ्यांसाठी मामा सहा-सात महिने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ती आणून खात होते, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. आणि सुईनंतर कणकण आली त्या दोन दिवसांत, 'अंग दुखतंय' म्हणून, सकाळ-दुपार-संध्याकाळ.

मला विचाराल तर या सगळ्या लेखातलं सर्वांत उपयोगाचं वाक्य हे आहे: सुईनंतरच्या तापाला पॅरासिटामॉल घ्या, दुखण्याची गोळी नको. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नाइमसुलाइड ही मंडळी किडनीत रक्त आणणाऱ्या वाटा आवळतात. तरण्याताठ्या माणसाला एका गोळीने काही होत नाही. पण साठीपुढचा माणूस, बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू, जोडीला लघवी वाढवणारी गोळी, त्यात तापामुळे दोन दिवस जेवण-पाणी कमी, आणि वर ही दुखण्याची गोळी, असं जुळून आलं तर क्रिएटिनिन चार दिवसांत चढतं. मी असे रिपोर्ट स्वतःच्या हाताने छापले आहेत. घरचे म्हणतात लशीने झालं. तारखा बघितल्या तर लस आधी, गोळ्या मध्ये आणि क्रिएटिनिन नंतर. पण मधल्या गोळ्या कुणी मोजत नाही, कारण त्या घरातल्याच डब्यातल्या असतात. आणि मामांच्या बाबतीत तर आणखी एक फाटा: याच जातीच्या गोळ्या दीर्घकाळ खाल्ल्याने मिनिमल चेंज डिसीज झाल्याचंही चांगलं माहीत आहे. म्हणजे आरोपी दोन झाले. तिसरी शक्यता, की आजार स्वतःहूनच आला.

लशीनंतर गंभीर काही झालं तर तपासाची एक ठरलेली पद्धत आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एईएफआय म्हणतात, म्हणजे लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना. नावातच 'नंतर' आहे, 'मुळे' नाही, हे मला फार आवडतं. तपास करून जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने प्रकरण एका गटात टाकतात. 'अ' म्हणजे लशीशी किंवा टोचण्यातल्या चुकीशी किंवा सुईच्या भीतीशी संबंध जुळतो. 'ब' म्हणजे पुरावा अपुरा. 'क' म्हणजे योगायोग, कारण दुसरं. 'ड' म्हणजे माहितीच नाही म्हणून वर्गवारी करता येत नाही. तपासणारे घड्याळही बघतात. लाल लघवी एक-दोन दिवसांत, मिनिमल चेंजची सूज काही दिवस ते दोन-तीन आठवड्यांत, हे जुळणारं. चार महिन्यांनी पाय सुजले तर दुसरीकडे शोधावं. आणि प्रथिन जाऊ लागलं की लघवीवर येतो तो फेस सुईच्या आधीपासूनच होता का, हे तर विचारायलाच हवं. मामांना विचारलं तेव्हा ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. आमच्याकडे कमोडमध्ये काय तरंगतं ते बघायची पद्धत नाही.

डॉक्टरांनी नोंद पाठवली. त्यांच्या मते प्रकरण 'ब'मध्ये बसणारं होतं. मामांच्या मुलाला ते अजिबात आवडलं नाही. त्याला गुन्हेगाराचं नाव हवं होतं. मला मात्र तो कागद प्रामाणिक वाटला. दोन संशयित समोर असताना एकाच्या नावावर शिक्का मारणं सोपं होतं. नोंद करायला डॉक्टरच लागतो असंही नाही. जिथे लस घेतली तिथे सांगता येतं, किंवा देशाच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाची १८००-१८०-३०२४ ही मोफत हेल्पलाइन आहे. ग्रुपवर टाकलेली तक्रार कुणी मोजत नाही, इथे टाकलेली मोजली जाते, आणि वर सांगितलेला 'दीड की नऊ' हा हिशेब अशाच नोंदींवर उभा असतो.

मग लस घेतल्यावर रोज लघवी तपासत बसायचं का? नाही. धडधाकट माणसाने काहीही तपासायची गरज नाही. ज्यांना आधी नेफ्रॉटिक, आयजीए किंवा ल्युपसचा (यातही फौज आपल्याच अंगावर उलटते) किडनी विकार झाला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून सुईच्या आधी एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी एकदा लघवी बघून घ्यावी, म्हणजे वाद घालायला जागा उरत नाही. बाकीच्यांनी फक्त डोळे उघडे ठेवावेत. लघवीवर साबणासारखा फेस येऊन पाच-दहा मिनिटं तसाच राहतो, पापण्या नि पाय फुगतात, लघवी लाल किंवा कोऱ्या चहाच्या रंगाची होते, किंवा एकदम कमी होते, तर त्याच दिवशी डॉक्टर. मात्र एक खातरजमा आधी करा: कमोडमध्ये टॉयलेट क्लीनर तर नाही ना? या एका कारणाने घाबरून सीवूड्सहून रिक्षा करून आलेले गृहस्थ मला आठवतात. डबीत घेतलेल्या लघवीवर एक बुडबुडा नव्हता.

मामांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं. मोठ्यांना लहान मुलांपेक्षा उशिरा गुण येतो. त्यांना सहावा आठवडा लागला. मध्ये साखर चढली, चेहरा गोल झाला, रात्री झोप येईना, मीठ बंद म्हणून मामींशी भांडणं झाली. ठेचा सुटला याचं दुःख त्यांना पाय सुजल्यापेक्षा जास्त होतं. डायक्लोफेनॅक मात्र घरातून हद्दपार झालं. गोळ्या हळूहळू उतरवत हिवाळ्यात बंद झाल्या. डॉक्टरांनी लघवी घरच्या घरी पट्टीने बघायला शिकवलं आणि मामी, ज्यांनी मला 'असलं काम कसं करतेस' म्हणून कायम नाक मुरडलं, त्याच आता मिनिटभर घड्याळ धरून रंग जुळवतात.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा प्रश्न आला, सुई घ्यायची की नाही. मुलगा नको म्हणाला. डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडल्या: गोळ्या बंद होऊन पाच महिने झाले तरी आजार शांत आहे, लशीवर आरोप सिद्ध नाही पण सुटकाही नाही, आणि फ्लू झाला तर तोच आजार उलटवू शकतो. मामा म्हणाले, "त्या पावसात फ्लूनं मेलोच हुतो की. टोचा."

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले होते. स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर टांगलेलं आहे. जूनच्या पानावर एका चौकटीत मामींच्या अक्षरात 'सुई' असं लिहिलंय. तिच्या पुढे 'नील', म्हणजे प्रथिन नाही. मग 'एक प्लस', खाली 'ताप ९९'. तापाने एखादा दिवस तेवढं प्रथिन कुणाच्याही लघवीत येऊ शकतं, पण मी मामींना तसं काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्या चौकटीभोवती पेनाने चार वेळा गोल केलेला आहे. मग 'नील'. 'नील'. 'दूध नाही'. 'नील'.